स्वाइप मशीन घेण्याआधी : भाडं की टक्का?



आपल्याच प्रभागातल्या एका गटाची गोष्ट आधी सांगते. गटाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्यांची नाही. ती उद्या तुमच्या-आमच्या गटाचीही होऊ शकते.

हा गट मसाले, पापड आणि लोणची करतो. दिवाळीच्या आधी शहरातल्या प्रदर्शनात त्यांना स्टॉल मिळाला. शहरातली गिऱ्हाइकं कार्ड पुढे करतात, म्हणून बँकेच्या माणसाने सुचवलं, "ताई, स्वाइप मशीन घ्या, काही खर्च नाही." अध्यक्ष आणि सचिव ताईंनी सह्या केल्या आणि मशीन आलं. प्रदर्शन छान झालं. घरी आल्यावर मशीन कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं, ते तिथेच राहिलं.

आठ महिन्यांनी ग्रामसंघाची लिपिका गटाची वही तपासायला बसली. रोखकीर्द आणि पासबुक जुळेना. पासबुकात २,८३२ रुपये कमी होते. आता गटात पैसे कमी निघाले की बोट कुणाकडे जातं? कोषाध्यक्ष ताईंकडे. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण दोन बैठका त्या ताई आल्या नाहीत. शेवटी सीआरपी ताईंनी बँकेतून खातेउतारा काढून आणला आणि ओळ न् ओळ वाचली. दर महिन्याला ३५४ रुपये कापले गेले होते. मशीनचं भाडं ३०० आणि त्यावर जीएसटी ५४. असे आठ महिने. मशीन पेटीत झोपलेलं आणि भाडं मात्र जागं!

पैसे गेले ते गेलेच, पण एका प्रामाणिक बाईच्या मनाला लागलं, ते कसं भरून काढायचं? म्हणून हा लेख. गिऱ्हाइकाकडून डिजिटल पैसे घ्यायचे तर त्याचे दर किती प्रकारचे असतात आणि आपल्या गटाला कोणता परवडतो, ते आज बघू. वही-पेन घेऊन बसा. हिशोब चौथीच्या गणिताएवढाच आहे.

बाजाराची पावती आणि आडत्याची अडत

हे सगळं समजायला एक जुनी गोष्ट आठवा. आठवड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसलं की पावती फाडणारा माणूस येतो. तुमची मेथी विकली गेली की नाही, हे तो विचारत नाही. जागेचे ठरलेले पैसे घेतो आणि पुढे जातो. ही झाली ठरलेली रक्कम.

दुसरी गोष्ट आडत्याची. शेतमाल मार्केट यार्डात घातला की आडत्या शेकड्यावर अडत कापायचा, हे घरातल्या जुन्या माणसांना चांगलं माहीत आहे. माल जास्त विकला तर अडत जास्त, माल विकलाच नाही तर अडतही नाही. हा झाला टक्का.

कार्ड मशीनचे, साउंडबॉक्सचे, ऑनलाइन पैशांचे सगळे दर या दोन गोष्टींतूनच बनतात. कुठे नुसती पावती, कुठे नुसती अडत, कुठे दोन्ही थोडं थोडं. एजंट कितीही गोड बोलला तरी मनात दोनच प्रश्न ठेवायचे : विक्री नसली तरी किती जाणार? आणि विक्री झाली की शंभरामागे किती जाणार?

टक्का नेमका कुणाला जातो?

गिऱ्हाइकाने शंभर रुपयांचं बिल क्रेडिट कार्डाने भरलं, तर तुमच्या खात्यात शंभर येत नाहीत. दर १.८० टक्के असेल तर ९८ रुपये २० पैसे येतात. मधले १ रुपया ८० पैसे तीन जणांत वाटले जातात. मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला, काही तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला आणि थोडा रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांच्यासारख्या कार्डाच्या जाळ्याला. या कापलेल्या रकमेला बँकेच्या भाषेत एमडीआर म्हणतात. कागदावर हा शब्द दिसला की समजायचं, ही आपली अडत.

प्रत्येक प्रकारच्या पैशावर ही अडत सारखी नसते. हे पक्कं लक्षात ठेवा :

• यूपीआय, थेट बँक खात्यातून : शून्य. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवर दुकानदाराकडून एमडीआर घेतला जात नाही.

• इतर डेबिट कार्ड, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड : इथे रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत होती, अशा छोट्या विक्रेत्याला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के. त्याहून मोठ्या विक्रेत्याला जास्तीत जास्त ०.९० टक्के. हा नियम १ जानेवारी २०१८ पासून आहे.

• क्रेडिट कार्ड : इथे रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा नाही. बँक किंवा कंपनी सांगेल तो दर, म्हणून इथे घासाघीस करायला वाव आहे. दर साधारण दीड ते तीन टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो.

• यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड : २०२२ पासून ही सोय आली. गिऱ्हाईक तुमचा क्यूआर स्कॅन करतं, पण पैसे त्याच्या क्रेडिट कार्डातून येतात. छोट्या विक्रेत्याला २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर याचं शुल्क नाही. त्याच्या वर गेलं की क्रेडिट कार्डासारखा टक्का लागतो. मात्र त्यासाठी व्यापारी क्यूआर हवा, साध्या व्यक्तिगत क्यूआरवर हे कार्ड चालत नाही.

या टक्क्यावर आणखी १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १०० रुपये अडत असेल तर ११८ जातात. पण कार्डाने झालेला एक व्यवहार २,००० रुपयांपर्यंतचा असेल, तर त्याच्या अडतीवर जीएसटी माफ आहे. आपली बिलं सहसा दोन-चारशेची असतात, त्यामुळे ही माफी आपल्या कामाची आहे. उताऱ्यात ती दिली आहे का, ते बघत जा. मशीनच्या भाड्यावरचा जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

दर चार प्रकारचे

पहिला : नुसता क्यूआर. कागदावर छापलेला चौकोन, काउंटरला चिकटवला की झालं. भाडं नाही, यूपीआयवर टक्काही नाही. पैसे आले की नाही, हे मात्र फोनवरच्या मेसेजमध्ये बघावं लागतं.

दुसरा : क्यूआर आणि बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स. "एकशे वीस रुपये प्राप्त झाले" असं तो मोठ्याने सांगतो. टक्का नाही, पण डब्याचं महिन्याचं भाडं असतं. ते साधारण शंभर रुपयांच्या आसपास धरा.

तिसरा : स्वाइप मशीन, भाडं आणि कमी टक्का. महिन्याचं भाडं ठरलेलं आणि क्रेडिट कार्डाचा टक्का त्यामानाने कमी.

चौथा : स्वाइप मशीन, भाडं नाही पण जास्त टक्का. मशीन फुकट मिळतं किंवा एकदाच विकत घ्यायचं. दर महिन्याला काही नाही. कार्ड वापरलं गेलं तरच टक्का कापतात, पण तो जरा जास्त असतो.

या तिसऱ्या प्रकाराचा एक चुलत भाऊ आहे, त्याच्यापासून सावध. "महिन्याला पन्नास हजारांची विक्री मशीनवर केलीत तर भाडं माफ." ऐकायला गोड वाटतं. पण आपली कार्डावरची विक्री तेवढी नसेल तर भाडं माफ होतच नाही, उलट काही योजनांत नेहमीपेक्षा जास्त रक्कम कापतात. "माफ" हा शब्द आला की त्याच्या आधीची अट दोनदा वाचायची.

आता हिशोब मांडू

दोन योजना समोर ठेवू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या एजंटने जे सांगितले असतील ते त्यांच्या जागी लिहा.

योजना अ : महिन्याचं भाडं जीएसटी धरून ३५४ रुपये. डेबिट कार्डावर ०.४० टक्के, क्रेडिट कार्डावर १.८० टक्के.

योजना ब : भाडं नाही. डेबिट कार्डावर ०.४० टक्के, क्रेडिट कार्डावर २.८० टक्के.

नुसतं टक्क्यांकडे बघितलं तर कुणीही म्हणेल, अ स्वस्त. आता तीन गटांना हे लावून बघू. सगळी बिलं २,००० रुपयांच्या आतली धरू, म्हणजे अडतीवर जीएसटी नाही. डेबिट कार्डं रुपे सोडून इतर आहेत, असं धरू.

पहिला गट, गावातलं दुकान. महिन्याची विक्री ३०,००० रुपये. त्यात रोख १६,०००, यूपीआय १२,००० आणि कार्डाने फक्त २,०००. कार्डातले १,००० डेबिटचे, १,००० क्रेडिटचे.

योजना अ : भाडं ३५४, डेबिटचे ४, क्रेडिटचे १८. एकूण ३७६ रुपये.
योजना ब : डेबिटचे ४, क्रेडिटचे २८. एकूण ३२ रुपये.

आता बघा. या मालावर शंभराला वीस रुपये नफा सुटत असेल, तर कार्डाने विकलेल्या २,००० च्या मालावर नफा झाला ४०० रुपये. योजना अ घेतली तर त्यातले ३७६ मशीनच खाऊन गेलं. दहा बायकांनी उन्हात पापड वाळवले आणि हातात राहिले २४ रुपये.

दुसरा गट, तालुक्याच्या ठिकाणी बारमाही विक्री केंद्र. दर महिन्याला डेबिट कार्डाने २०,००० आणि क्रेडिट कार्डाने ६०,००० रुपयांची विक्री.

योजना अ : भाडं ३५४, डेबिटचे ८०, क्रेडिटचे १,०८०. एकूण १,५१४ रुपये.
योजना ब : डेबिटचे ८०, क्रेडिटचे १,६८०. एकूण १,७६० रुपये.

इथे भाड्याची योजनाच बरी. महिन्याला २४६ रुपये वाचले, वर्षाला २,९५२.

तिसरा गट, वर्षातून एकदाच मोठं प्रदर्शन. समजा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल मिळाला. त्या दिवसांत कार्डाने तेवढीच विक्री झाली : डेबिट २०,०००, क्रेडिट ६०,०००. बाकी अकरा महिने मशीन पेटीत.

योजना अ : बारा महिन्यांचं भाडं ४,२४८, वर डेबिट-क्रेडिटचे १,१६०. एकूण ५,४०८ रुपये.
योजना ब : १,७६० रुपये, वर्षाचे मिळून.

विक्री दुसऱ्या गटाच्या एका महिन्याएवढीच, मशीनही तेच. पण तिथे जी योजना स्वस्त होती, ती इथे तिपटीने महाग पडली. कारण दुसरा गट बारा महिने विकतो आणि तिसरा दहा-बारा दिवस. म्हणून हिशोब कधीच चांगल्या महिन्याचा करायचा नाही, पूर्ण वर्षाचा करायचा. सुरुवातीला सांगितलेल्या गटाचं नेमकं इथेच चुकलं. त्यांनी दिवाळीचा महिना बघितला, बाकीचे महिने बघायचे राहून गेले.

कुठपर्यंत कोणती योजना? एक सोपं गणित

दोन योजनांच्या क्रेडिट कार्डाच्या टक्क्यांतला फरक काढा. आपल्या उदाहरणात २.८० मधून १.८० गेले, उरला १. म्हणजे भाड्याची योजना घेतली तर क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे १ रुपया वाचतो. भाडं आहे ३५४. मग ३५४ रुपये वाचायला किती विक्री हवी? ३५४ गुणिले १००, म्हणजे ३५,४०० रुपये.

तर नियम असा : भाड्याला टक्क्यांतल्या फरकाने भागा आणि शंभराने गुणा. क्रेडिट कार्डाची विक्री दर महिन्याला या आकड्याच्या वर असेल तर भाड्याची योजना. खाली असेल तर बिनभाड्याची. फरक अर्ध्याच टक्क्याचा असेल तर हाच आकडा दुप्पट होतो, म्हणजे ७०,८००. तेवढी विक्री क्रेडिट कार्डाने दर महिन्याला होते का, हे स्वतःला विचारा.

साउंडबॉक्सलाही असंच तोला. महिन्याला १२,००० रुपये यूपीआयने येत असतील तर १०० रुपये भाडं म्हणजे शंभराला ८३ पैसे. गर्दीत मेसेज बघता येत नाही, कुणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून जातं, त्यापेक्षा हे बरं. पण यूपीआयने २,००० च येत असतील तर तेच १०० रुपये शंभराला ५ झाले. तिथे फोनचा मेसेज वाचायची सवय लावलेली बरी.

मशीन हवंच आहे का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायचा. आजकाल कार्ड असलेल्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये यूपीआय असतंच. पुढचे दोन महिने एक करा. काउंटरजवळच्या वहीत एक पान राखून ठेवा. कुणी "कार्ड चालतं का?" विचारलं की एक रेघ ओढा. विचारून माल न घेता परत गेलं तर रेघेवर गोल करा. महिन्याला चार रेघा आणि एकही गोल नाही, तर तुमचं काम क्यूआरवर भागतंय. गोल वाढत असतील तर मशीनचा विचार जरूर करा. ते न गेलेलं गिऱ्हाईकही आपलंच भांडवल आहे.

प्रदर्शनाला जाताना आयोजकांना आधी विचारा, तिथे काही दिवसांसाठी मशीनची सोय आहे का. किंवा ग्रामसंघाने, प्रभागसंघाने बिनभाड्याचं एकच मशीन घेऊन गटांना आळीपाळीने वापरायला द्यायचं का, हा विषय बैठकीत ठेवा. मात्र पैसे संघाच्या खात्यात जमा होतील, तेव्हा कोणत्या गटाचे किती हे त्याच दिवशी लिहून सही घ्यायची.

सही करण्याआधी विचारायचे दहा प्रश्न

हे पान कापून ठेवा. एजंट आला की समोर धरा आणि उत्तरं त्याच्याकडूनच लिहून घ्या.

१. एक रुपयाचीही विक्री झाली नाही, तर महिन्याला किती कापणार?
२. मशीन बसवण्याचे, अनामत रकमेचे, कागदाच्या रोलचे, सिमचे वेगळे पैसे आहेत का?
३. रुपे डेबिट, इतर डेबिट आणि क्रेडिट कार्ड, तिन्हींचे दर वेगवेगळे सांगा. "सगळ्याला सरसकट दोन टक्के" असं उत्तर आलं तर डेबिट कार्डाच्या मर्यादेची आठवण करून द्या.
४. आमची उलाढाल २० लाखांच्या आत आहे. फॉर्मवर तसं लिहिलंय का? ते चुकलं तर डेबिट कार्डाला ०.४० च्या ऐवजी ०.९० लागू शकतं.
५. सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे की वेगळा?
६. किमान विक्रीची अट आहे का? पूर्ण नाही झाली तर काय कापणार?
७. पैसे खात्यात कधी येणार? त्याच दिवशी की दुसऱ्या दिवशी? लवकर हवे असतील तर त्याचे जादा पैसे आहेत का?
८. गटाचं बचत खातं चालेल की चालू खातं उघडावं लागेल? चालू खात्यात कमीत कमी किती शिल्लक ठेवायची?
९. गिऱ्हाइकाने माल परत केला तर कापलेला टक्का परत मिळतो का?
१०. मशीन परत करायचं तर किती दिवस आधी सांगायचं, कुणाला सांगायचं, दंड किती?

आठवा आणि दहावा प्रश्न अजिबात सोडू नका. चालू खात्यात शिल्लक कमी पडली की बँक दंड कापते, तो मशीनच्या खर्चात कुणी धरत नाही. आणि मशीन नुसतं पेटीत ठेवलं म्हणजे ते बंद होत नाही. लेखी अर्ज द्यायचा, मशीन परत केल्याची पोच घ्यायची, आणि पुढच्या महिन्याचा उतारा बघून मगच फाइल बंद करायची.

पैसे गटाच्याच खात्यात

बऱ्याच गटांत असं होतं, एका ताईकडे चांगला फोन असतो, मग तिचाच क्यूआर स्टॉलवर लावतात. ती ताई प्रामाणिकच असते. पण गटाचे पैसे आणि तिच्या घरचे पैसे एकाच खात्यात मिसळतात. उद्या हिशोब मागायची वेळ आली की नातं बिघडतं. म्हणून व्यापारी क्यूआर गटाच्या नावाचा आणि गटाच्या खात्याला जोडलेला घ्या. तो मिळेपर्यंत कुणाचा वैयक्तिक क्यूआर वापरावा लागला, तर बैठकीत ठराव लिहा आणि दर आठवड्याला ती रक्कम गटाच्या खात्यात भरून घ्या.

दशसूत्रीत नियमित लेखे आहेत, ते उगीच नाहीत. रोखकीर्दीत विक्री पूर्ण लिहायची आणि कापलेला टक्का खर्चाच्या बाजूला वेगळा लिहायचा. म्हणजे १,००० ची विक्री झाली आणि खात्यात ९८२ आले, तर विक्री १,०००, "कार्ड शुल्क" १८. नुसते ९८२ लिहिले तर मशीन किती खातंय, ते कधीच कळणार नाही. आणि महिन्यातून एकदा खातेउतारा बैठकीत मोठ्याने वाचायचा. सगळ्यांसमोर वाचला की संशयाला जागाच राहत नाही.

गिऱ्हाइकाकडून जादा दोन टक्के घ्यायचे का?

नाही. डेबिट कार्डावरचा एमडीआर गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. क्रेडिट कार्डासाठीही करारात बहुधा अशी अट असते. आणि खरं सांगू? दोनशेच्या मसाल्यावर तुम्ही चार रुपये जादा मागितले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. त्याऐवजी किंमत ठरवतानाच तेल, मिरची, पाकीट, लेबल, गाडीभाडं यांच्या यादीत "कार्ड आणि डब्याचा खर्च" अशी एक ओळ वाढवा.

चुकीचे पैसे कापले तर?

आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि एक कायमचं लक्षात ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितलं तर ती फसवणूकच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

पुढच्या बैठकीसाठी काम

पुढच्या बैठकीत तीन आकडे लिहून आणा : मागच्या बारा महिन्यांत रोख किती, यूपीआयने किती आणि कार्डाने किती विक्री झाली. खात्यातून भाडं किंवा शुल्क म्हणून काही कापलं गेलं असेल तर तेही. मशीन असेल तर ते पेटीत आहे की काउंटरवर, हेही लिहा. मग वरच्या गणितात हे आकडे घाला आणि सगळ्यांच्या मताने ठराव करा : मशीन ठेवायचं, बदलायचं की परत करायचं.

त्या कोषाध्यक्ष ताई आता बैठकीला येतात. मशीन परत दिल्याची पोच त्यांनीच फाइलला लावली. आणि त्यांच्या गटात आता महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा होण्याआधी खातेउतारा वाचला जातो. वाचायचं काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतलं आहे.